फट या शब्दाचा अर्थ

सत्कारात मला शाल, श्रीफळ आणि समई मिळाली. समई पितळेची, चांगली जड. कारापूरला देवळासमोर मंडप घातला होता आणि अंगणवाडीच्या मुलांपासून पंचायतीच्या सदस्यांपर्यंत सगळं गाव हजर होतं. ‘आमच्या गांवच्या चलयेन एकशें चौसश्ट जीव वांचयले,’ म्हणजे गावच्या मुलीनं वाचवले, असं भाषण करणाऱ्यानं तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. माझे बाबा, यशवंत, बावीस वर्षं खाणीवर ट्रक चालवलेला माणूस, पहिल्या रांगेत बसून रुमालानं डोळे पुसत होते. विमान खाली उतरवलं कॅप्टननं, पण त्यांचं नाव कोणी काढलं नाही, कारण ते आमच्या गावचे नव्हते. मीही काढलं नाही. शाल पांघरून हसत बसले. स्तुती कोणाला कडू लागते?

वर्तमानपत्रात आलं ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं मी सांगते. ऐकून कोणी शाल परत मागितली तर कपाटात घडी घालून ठेवली आहे, न्यावी.

मी विनिता. मोप्याच्या विमानतळावरून उडणाऱ्या विमानात उजव्या खुर्चीवर बसते, म्हणजे सह-वैमानिक. डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या खुर्चीसाठी सात वर्षं वाट पाहिली होती आणि पुढच्या महिन्यात त्यासाठीची माझी निवड ठरायची होती. डिचोली तालुक्यातून त्या खुर्चीवर बसणारी पहिलीच मुलगी, असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि मी लटक्या रागानं ‘पुरे करा’ म्हणत असे. त्या महिन्यात माझ्या नावावर एक ठिपकासुद्धा पडून चालणार नव्हता.

त्या दिवशी सकाळी दिल्लीचं विमान होतं. आदल्या फेरीचा कॅप्टन उतरताना खालच्या लोकांना सांगून गेला होता की उजव्या बाजूच्या समोरच्या काचेत, खालच्या कोपऱ्यात, एक रेघ दिसते, बघून घ्या. विमानाच्या नोंदवहीत लिहिलं असतं तर इंजिनिअरला विमान थांबवून तपासणी करावीच लागली असती. पण त्यानं लिहिलं नाही, तोंडी सांगितलं. हा कॅप्टन नाकानं कांदे सोलणारा म्हणून प्रसिद्ध. त्याला कॉफीचा कपसुद्धा वाकडा दिसायचा. त्यामुळे त्याचं बोलणं सगळे अर्ध्या कानानं ऐकत, मीसुद्धा.

सही करणारा इंजिनिअर कागद पुरे करून पलीकडच्या विमानाकडे गेला होता. रेघ बघायला त्यानं तुषारला पाठवलं. तुषार धारगळचा, ठेकेदाराकडून आलेला तंत्रज्ञ. त्याचे आजोबा बांद्याकडून धारगळला आले आणि तिथंच राहिले, म्हणून घरात बोलतात ती मालवणी. माझी कारापूरची कोंकणी. आम्ही दोघं आपापलं बोलायचो आणि एकमेकांचं सगळं कळतं असं समजायचो. विमानतळावर बाकी सगळे हिंदी-इंग्रजी बोलणारे, तेव्हा तो मला ‘मॅडम’ न म्हणता ‘बाय’ म्हणायचा आणि मला ते आवडायचं.

मी खाली विमानाभोवती फेरी मारत होते. टायर बघायचे, इंजिनात डोकावायचं, कुठं काही गळत नाही ना ते पाहायचं, हे उड्डाणाआधी आमचं कामच असतं. तुषार वर कॉकपिटमध्ये होता. त्यानं बाजूची खिडकी सरकवून डोकं बाहेर काढलेलं, हातात बॅटरी. शेजारी वीज पुरवणारं यंत्र घरघरत होतं. मी मान वर करून ओरडले, “कितें रे, कितें आसा थंय?”

तो काहीतरी म्हणाला. त्यातले शेवटचे तीनच शब्द माझ्यापर्यंत पोचले.

“...फट आसा, बाय.”

आमच्याकडे फट म्हणजे खोटं. ‘फट मारूं नाका’ हे वाक्य मी लहानपणापासून दिवसातून दहादा ऐकलेलं. त्या कटकट्या कॅप्टनची ती रेघ म्हणजे फट, थाप. मला हसू आलं. मी अंगठा वर केला आणि पुढच्या चाकाकडे वळले.

जिन्यावर तुषार उतरताना भेटला. “कॅप्टनाक सांगा हां, बाय,” तो म्हणाला.

“सांगतां, सांगतां,” मी म्हटलं.

वर गेले. आमच्या फेरीच्या कॅप्टननी विचारलं, काचेचं काय झालं? ते निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, शांत, वेळेच्या बाबतीत कडक. मी म्हटलं, “काही नाही सर, बघितलं त्यांनी.” ती माझीच काच होती. माझ्या नाकासमोर हातभर अंतरावर. ऊन येत होतं म्हणून मी पडदा ओढून घेतला होता. तो बाजूला करून वाकून बघायला पाच सेकंद लागली असती. ती मी दिली नाहीत. ऐकायचं होतं तेच कानांनी ऐकलं आणि डोळ्यांना त्रास दिला नाही.

उड्डाण वेळेवर झालं. पस्तीस हजार फुटांवर पोचलो, पट्टा लावायची खूण बंद झाली, ट्रेमध्ये उपमा आला. मी दुसरा चमचा तोंडात घालणार तेवढ्यात समोर कडकन आवाज झाला. उखळात सुपारी फुटावी तसा. बघते तर काचेच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातून वरपर्यंत पांढऱ्या रेघांचं जाळं पसरलेलं, आणि आकाश त्याच्या पलीकडे तुकड्यातुकड्यांत.

कॅप्टननी फक्त एवढंच म्हटलं, “विमान माझ्याकडे. यादी काढ.”

आता इथं मी खरंच चांगलं काम केलं, ते सांगायला मला लाज नाही. कॉकपिटची काच एकच नसते, एकावर एक तीन थर चिकटवलेले असतात. बाहेरचा थर गेला तर फारसं बिघडत नाही. आतला गेला तर मात्र गोष्ट वेगळी. आत माणसांना श्वास घेता यावा म्हणून हवेचा दाब भरलेला असतो, बाहेर जवळजवळ काही नसतं, आणि तो सगळा दाब त्या काचेला बाहेर ढकलत असतो. कुठला थर गेला हे कळायचा उपाय अगदी घरगुती आहे. काचेवरून नख फिरवायचं. गुळगुळीत लागलं तर तडा आत नाही. नख अडलं तर आतला थरही गेला.

मी खांद्याचे पट्टे आवळले, काच तापवणारी वीज बंद केली आणि नख फिरवलं. मधे गुळगुळीत. वर गुळगुळीत. खाली कोपऱ्यात आलं आणि अडलं.

त्या क्षणी मला तुषारचे शब्द पुन्हा ऐकू आले, आणि या वेळी पूर्ण ऐकू आले. ‘काचेक फट आसा, बाय.’ फट म्हणजे खोटं, हे माझ्या घरातलं. फट म्हणजे चीर, भेग, हे माझ्या शाळेतलं. ‘दाराच्या फटीतून उजेड आला’ हे वाक्य मी दुसरीत असताना पाटीवर लिहिलंय, आणि ते लिहून घेणाऱ्या बाई माझी आईच होती. मला दोन्ही अर्थ येत होते. माझ्या घाईला जो सोयीचा तो मी उचलला.

“आतला थर गेलाय,” मी कॅप्टनना सांगितलं. यादीत होतं तसं एकेक केलं. तेवीस हजार फुटांवर उतरायची परवानगी मागितली, नियंत्रण कक्षाला ‘पॅन-पॅन’ असा तातडीचा इशारा दिला, केबिनमधला दाब हातानं हळूहळू कमी केला, मोप्याला परत येतोय म्हणून कळवलं. हवाई सुंदरीला आत बोलावून सांगितलं की सगळ्यांना पट्टे लावून बसव, गाड्या आवर, आणि चेहरा हसरा ठेव. उपम्याची बशी मांडीवरून कधी पडली कळलं नाही. पाऊण तास ती काच माझ्या तोंडासमोर होती. मी तिच्याकडे बघत नव्हते, यंत्रांकडे बघत होते, पण तिच्यातून बारीक करकर येत होती.

कॅप्टननी विमान असं टेकवलं की मागच्या लोकांना कळलंही नसेल. बाहेर पडताना प्रवाशांनी आमच्याबरोबर फोटो काढले. एका बाईनं माझा हात धरून ठेवला आणि सोडेचना. खाली तुषार उभा होता. त्यानं काचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला वाटत होतं की मी कॅप्टनना सांगितलं होतं आणि तरीही आम्ही उडालो.

चौकशी पणजीला झाली, नदीकाठच्या एका हॉटेलच्या वरच्या खोलीत. कंपनीची तीन माणसं आली होती, एक दिल्लीचा, दोघं चेन्नईचे. थंडगार खोली, बाटल्यांतलं पाणी, बिस्किटं. कॅप्टन आधी जाऊन आले. त्यांनी जे घडलं ते सांगितलं: सह-वैमानिक म्हणाली काही नाही, मी विश्वास ठेवला. मग मला बोलावलं.

दिल्लीचा गृहस्थ सभ्य होता. त्यानं आधी माझं कौतुक केलं, माझा डाव्या खुर्चीचा अर्ज आपल्याला माहीत आहे असंही म्हणाला. मग विचारलं, “तंत्रज्ञानं तुम्हाला तड्याबद्दल सांगितलं होतं का?”

आदल्या रात्रीपर्यंत मी ठरवलं होतं की सरळ सांगायचं. त्यानं सांगितलं, मी चुकीचं ऐकलं, काच मी स्वतः बघितली नाही. तीन वाक्यं. पण मग डावी खुर्ची गेली, आणि कदाचित उजवीसुद्धा. मंडपवाल्याला बाबांनी शब्द दिलेला. मी पाण्याचा घोट घेतला.

“त्यानं मला सांगितलं की ती फट आहे,” मी म्हटलं.

“फट म्हणजे काय?”

“कोंकणीत फट म्हणजे खोटं. थाप. असं काही नाहीच, या अर्थी.”

बघा, यातला एक शब्दही खोटा नाही. कोंकणीत फट म्हणजे खोटंच. पुस्तक उघडून दाखवलं असतं. फक्त तुषार कोंकणी बोलत नव्हता, आणि ते त्या खोलीत मला एकटीलाच माहीत होतं. त्या माणसानं इंग्रजीत तो शब्द लिहून घेतला, पुढे बरोबरीचं चिन्ह काढलं आणि त्यापुढे अर्थ लिहिला. ‘कॅप्टनाक सांगा हां’ हेही त्यानं म्हटलं होतं, ते मला कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मूग गिळायला चव लागत नाही, सवय लागते.

माझ्यानंतर तुषार गेला. मी बाहेर सोफ्यावर बसले होते, दार नीट लागलेलं नव्हतं. त्यांनी विचारलं, तू मॅडमना ‘फट’ म्हणालास का? तो घाईघाईनं हिंदीत म्हणाला, “हां सर, मैंने बोला ना, फट बोला.” त्याला वाटलं, मी त्याची बाजू घेतली. त्याच्या आवाजातला आनंद मला दारातून ऐकू आला. मग त्यांनी त्याला अर्थ वाचून दाखवला. तो हिंदीत समजावू लागला, फट मतलब दरार, सर, दरार. दिल्लीचा गृहस्थ तेवढ्याच सभ्यपणे म्हणाला की मॅडमही इथल्याच आहेत, भाषा त्यांनाही येते. वैमानिकाचा शब्द आणि ठेक्यावरच्या माणसाचा शब्द एका तराजूत घालत नाहीत.

इंजिनिअरला समज मिळाली. कॅप्टनना आभाराचं पत्र आणि हलकीशी सूचना मिळाली. तुषारचा विमानतळाचा पास काढून घेतला. पास नाही म्हणजे फाटकातून आत जाता येत नाही, आणि असा शेरा असलेल्याला दुसरा ठेकेदारही घेत नाही. आता विमानतळ आहे त्या मोप्याच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, एके काळी त्याची आई गुरं घेऊन जायची. आता त्याच सड्याच्या कुंपणाबाहेर तो उभा. हे मला माझ्या सहकाऱ्यांनी सांगितलं, आणि मी ‘अरेरे’ म्हटलं. माझी निवड झाली. मग मंडप, मग समई.

सत्कारानंतर आठवड्यानं, रविवारी सकाळी अकराच्या सुमारास, तुषार आमच्या घरी आला. स्कूटर फाटकाबाहेर लावून, चपला पायरीखाली काढून उभा राहिला. हातात कागदाची पिशवी, तिच्यात धारगळच्या हमरस्त्यावर मिळतात ती शहाळी दोन. माझी नोकरी घालवलेल्या माणसाच्या घरी मी शहाळी घेऊन गेले नसते. मी दगड घेऊन गेले असते.

“येवा म्हणून सांगूक नाय, तरी इलंय,” तो म्हणाला.

मी त्याला बसायला सांगितलं. बाबा बाजारात गेले होते. आई आत होती. तुषारनं खिशातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्यासमोर उलगडला. मराठी शब्दकोशाच्या एका पानाची झेरॉक्स होती. ‘फट’ या शब्दाखाली पेनानं रेघ मारलेली: चीर, भेग, दोन वस्तूंमधील अरुंद मोकळी जागा.

“ठेकेदार म्हणता, मॅडमनी दोन ओळी लिवन दिल्यानी तर परत घेतंय,” तो म्हणाला. “जास्त काय नको, बाय. आमच्याकडे ह्या शब्दाचो अर्थ असो पण होता, इतक्याच. तुमच्यार काय येवचा नाय. तुमी कोंकणीतला समाजलात, तुमचो काय दोष?”

त्याच्या चेहऱ्यावर कसलाही आव नव्हता. तो खरंच तसं समजत होता. एवढे दिवस घरी बसून त्यानं विचार केला होता आणि विचारांती मला निर्दोष ठरवलं होतं. मला त्याचा भयंकर राग आला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित कागद पुढे ओढून लिहूनही दिलं असतं. दोन ओळी. पण त्या दोन ओळी पणजीच्या त्या खोलीत पोचल्या असत्या आणि कोणीतरी विचारलं असतं, मॅडम, तुम्हाला दुसरा अर्थ खरंच माहीत नव्हता का?

“मी इंग्रजी शाळेत शिकले रे,” मी कोंकणीतूनच म्हटलं. “मराठी मला नीट येत नाही. जो अर्थ माहीत नाही, तो मी कसा लिहून देणार? आणि कंपनीला विचारल्याशिवाय आम्हाला काही लिहून देता येत नाही.”

तो मान हलवत होता. त्याची नजर माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे गेली. तिथं आईच्या निवृत्तीच्या दिवशी शाळेनं दिलेलं मानपत्र आहे, काचेच्या चौकटीत. श्रीमती सुशीला, मराठी प्राथमिक शाळा, एकतीस वर्षं. तुषारनं ते सावकाश वाचलं. मी त्याला वाचताना पाहत होते.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. ट्रेमध्ये दोन कप, बशीत बेकरीतलं बटर. तिनं आतून सगळं ऐकलं होतं, आमचं घर काही मोठं नाही. तुषार उठून उभा राहिला, शिक्षकांसमोर मुलं उभी राहतात तसा.

“बाई, तुमी मराठीच्या,” तो म्हणाला. “तुमका म्हायत आसतला. फट म्हणजे चीर, न्हय?”

आईनं माझ्याकडे पाहिलं. शुद्धलेखनात एक ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर पानभर पुन्हा लिहायला लावणारी बाई ती. माझं पहिलं बक्षीस मराठी निबंधाचं, सांखळीच्या स्पर्धेतलं, ते तिनं स्वतःच्या पदरानं पुसून फळीवर ठेवलेलं. ट्रे तिच्या हातात तसाच होता.

“माका म्हायत आसा,” ती म्हणाली. मग थांबली. “पूण तिका ना, बाबा. तिका मराठी येना.”

असं म्हणून तिनं ट्रे टेबलावर ठेवला आणि आत गेली. त्यानंतर आजपर्यंत या विषयावर ती माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. मला जेवायला वाढते, बाबांशी हसते, देवळात जाते. माझ्यासाठी तिनं आयुष्यात पहिल्यांदा खोटं सांगितलं, तेही एका अशा माणसाला जो तिला बाई म्हणून उभा राहिला.

तुषार खाली बसला. त्यानं चहा पूर्ण प्यायला, बशीतलं एक बटर बुडवून खाल्लं, कागदाची पहिल्यासारखी घडी घातली आणि खिशात ठेवली. बाईंनी सांगितल्यावर त्याच्यासाठी प्रश्न मिटला होता. शिक्षक खोटं बोलत नाहीत असं धारगळच्या शाळेत शिकवलेलं असणार.

पायरीवर चपला घालताना तो थांबला.

“माफ करा, बाय,” तो म्हणाला. “चूक माजीच. तुमका मराठी येणा नाय, ह्या माका कळूक व्हया होता. माका दुसरो शब्द वापरूक व्हयो होतो.”

“जांव दी,” मी म्हटलं. आणि त्याला माफ केलं.